विमा संपलेला, गाडी रोह्यावर (नीलगायीवर) आपटली, एस्टिमेट १,८६,४०० रुपये. काय करावं?

कोरडवाहू_आर्णी | १९ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी आर्णी तालुक्यातला (जि. यवतमाळ) शेतकरी. पाच एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि थोडी सोयाबीन. इथं वाचत असतो, लिहायची वेळ आज पहिल्यांदाच आली.

१६ तारखेला रात्री आठच्या सुमारास यवतमाळहून परत येत होतो. आई मागच्या सीटवर झोपलेली. गावाच्या अलीकडे तुरीच्या वावरातून एकदम रोही रस्त्यावर आला. मी गाडी डावीकडे ओढली. रोह्याचा धक्का बोनेट आणि काचेला बसला, आणि गाडी पुढं जाऊन पुलाच्या कठड्याला डाव्या बाजूनं आदळली. आईच्या खांद्याला मुका मार लागला, मला काही झालं नाही. रोही उठून पळाला.

गाडी २०१६ ची, साधं मॉडेल, १२०० सीसी, पेट्रोल. दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली. एअरबॅग नाहीत. विमा ११ ऑगस्टला संपला होता. फवारणीचे दिवस होते, मग सप्टेंबरभर पाणी पडत राहिलं, पुढच्या महिन्यात भरू म्हणता म्हणता राहून गेलं. चूक माझी आहे, पूर्ण माझी.

१७ ला गाडी टोचन करून यवतमाळच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला टाकली. त्यांचं एस्टिमेट १,८६,४०० रुपये. अशीच धडधाकट गाडी बाजारात अडीच लाखाच्या आसपास मिळते. यंदा लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० आहे. त्या हिशेबानं २३ क्विंटल कापूस झाला. पावसानं बोंडं सडली, माझा सगळा मिळून तेवढा निघेल की नाही ही शंका आहे.

गाडी शौकाची असती तर विकून मोकळा झालो असतो. आईचं आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस असतं. चाळीसेक किलोमीटर. जाताना एसटी चालते, अर्ध्या तिकिटात होतं. पण डायलिसिसनंतर तिला उभं राहवत नाही. काल स्टँडवर दीड तास तिला पायरीवर बसवून ठेवलं. ते पाहून आज लिहायला बसलो.

माझे प्रश्न: दुरुस्त करावी का? एवढा पैसा कुठून उभा करावा? आणि रोही जंगली जनावर आहे, तर वनखात्याकडून काही मिळतं का?

---

घाटंजीकर | १९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

भाऊ, आई सुखरूप आहे हे पहिलं. आमच्या भागात रोही आणि डुक्कर दोन्हीचा हाच त्रास आहे.

वनखात्याचं सांगतो, मी स्वतः विचारून आलेलो आहे. भरपाई पिकाची मिळते, पाळीव जनावर मारलं तर मिळते, माणूस जखमी झाला किंवा दगावला तर मिळते. गाडीच्या नुकसानीची मिळत नाही. त्यासाठी चकरा मारू नका. आईला लागलं आहे आणि दवाखान्यात दाखवल्याचे कागद आहेत, तर मात्र वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या. मिळेलच असं म्हणत नाही, पण अर्ज करायला उशीर करू नका.

---

राळेगाव_एक्स्प्रेस | १९ नोव्हेंबर, रात्री १०:५८

सोपा उपाय सांगतो. आज ऑनलाइन पॉलिसी काढून घ्या. आठ-दहा दिवस थांबा, मग अपघात झाला म्हणून क्लेम टाका. पुष्कळ जण करतात.

---

निवृत्त_सर्व्हेअर | २० नोव्हेंबर, सकाळी ७:२०

मी अमरावतीला राहतो. आयुष्यभर मोटार विम्याचे सर्व्हे केले. वरचा सल्ला कृपा करून कोणीही ऐकू नका.

मुदत संपलेल्या गाडीचा पूर्ण विमा काढताना कंपनी गाडीची तपासणी करते, फोटो किंवा व्हिडिओ घेते. फुटलेली गाडी तिथंच दिसते. समजा तेही कुणी टाळलं, तरी सर्व्हिस सेंटरला गाडी १७ तारखेला आल्याची नोंद जॉबकार्डावर आहे. गंज किती चढला, काचेच्या फटीत धूळ किती बसली, यावरून अपघात ताजा की जुना हे आम्हाला पाच मिनिटांत कळतं. खोटा क्लेम म्हणजे फसवणूक. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. दीड लाखासाठी आईचं डायलिसिस सोडून कोर्टाच्या तारखा कराव्या लागतील.

आता कोरडवाहू भाऊंसाठी. स्वतःच्या नुकसानीचं आता कुणाकडून काही मिळणार नाही, हे मनाशी पक्कं करा. नव्वद दिवसांच्या आत नूतनीकरण केलं असतं तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) तरी टिकला असता. ११ ऑगस्टपासून मोजलं तर तो अपघाताच्या आठवडाभर आधीच गेला.

पण एक गोष्ट आजच करा. गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणारा) काढा. त्याला तपासणी लागत नाही. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,०३१. पॉलिसी हातात नसताना गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेरसुद्धा काढू नका. दंड पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,०००, तुरुंगाचीही तरतूद आहे, पण मी दंडासाठी म्हणत नाही.

त्या रात्री रोह्याच्या जागी मोटारसायकलवरचा माणूस असता तर? विमा नसला की अपघात दावा न्यायाधिकरणानं ठरवलेली भरपाई मालकानं खिशातून द्यायची असते. न दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात. तुमच्या पाच एकरावर येते ती. असे सातबारे मी पाहिले आहेत. दोघांच्या घरी तर मी स्वतः बसून चहा प्यायलो होतो, आधीच्या वर्षी.

---

कोरडवाहू_आर्णी | २० नोव्हेंबर, सकाळी ८:०५

काका, तुमचा प्रतिसाद वाचून हातपाय गार पडले. आजच भरतो. खोट्या क्लेमचा विचार मनात नाही, आईला तोंड दाखवायचं आहे.

---

वणीचा_डेंटर | २० नोव्हेंबर, दुपारी १:३०

भाऊ, मी वणीचा. बाबा डेंटिंग करत, आता मी करतो. बोलतो तसंच लिहितो, समजून घेजा.

पैले मले त्या एस्टिमेटचा फोटो टाका. नंबर अन् नाव झाकून टाका.

तोवर एक ध्यानात ठेवा, रेडिएटर फुटला असन तं गाडी चालू करू नका. कोणी म्हणन, दोन मिनटं चालू करून पाहू, इंजिन बरं हाये का. पाणी नसलं का इंजिन तापून हेड गॅसकेट (इंजिनातली सील) जाऊ शकते. मंग पत्र्याचा खर्च राहिला बाजूले, इंजिन उघडा लागते.

---

कोरडवाहू_आर्णी | २० नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

थर्ड पार्टी विमा काढला. ४,०३१ भरले.

एस्टिमेट टाकलं आहे. मोठ्या बाबी: पुढचा बंपर नवा, बोनेट नवं, डावा फेंडर, दोन्ही हेडलाइट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, फॅन, पुढची काच, डावा लोअर आर्म (चाक गाडीशी जोडणारा दांडा), ड्राइव्ह शाफ्ट, रिम, डावं एप्रन (चाकाच्या आतल्या बाजूचा पत्रा) कापून नवं, पुढचा क्रॉस मेंबर, रंगकाम सहा पॅनल, मजुरी.

---

वणीचा_डेंटर | २० नोव्हेंबर, रात्री ९:१०

पाह्यलं. सर्व्हिस सेंटरवाल्याची यात लबाडी नाही. त्यायचा नियमच असा हाये का वाकलं ते बदला. विमा असला तं गिऱ्हाइकाले काही वाटत नाही, पैसे कंपनी देते. तुमच्या खिशातून जाणार हायेत तं हिशेब येगळा कराचा.

मी गाडीचे तीन भाग करतो.

पैला भाग, ज्याच्याबिगर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. रेडिएटर, फॅन, होज पाइप, लोअर आर्म, शाफ्ट, चाकाचं बेअरिंग, रिम, काच, डावा हेडलाइट. यात लोअर आर्म, बेअरिंग अन् रेडिएटर कंपनीचाच माल घ्या. लोकल लोअर आर्मचे बुश सहा मैन्यात जातात, अन् आपल्या रस्त्यावर तं चारच मैन्यात. काच कोण्या बी चांगल्या कंपनीची चालते, पण चिकटवल्यावर एक रात्र गाडी हलवू देऊ नका. उजवा हेडलाइट काऊन बदलाचा? त्याची पकड तुटली असन, ते प्लास्टिक वेल्डिंगनं जुडते.

दुसरा भाग म्हणजे पत्रा. एप्रन कापून नवं टाकतो म्हणतात. मी फोटोवरून सांगतो, ते ओढून सरळ होते. पण हे फोटोवर ठरवाचं काम नोहे. टेप घ्या अन् बोनेटखाली आडवं-तिरपं माप घ्या. डाव्या शॉकअपच्या नटापासून उजव्या हेडलाइटच्या बोल्टापर्यंत, अन् उजव्यापासून डाव्यापर्यंत. दोन्ही मापं जुळली, नाहीतं बोटभराचा फरक असला, तं ओढून होते. दोन-अडीच इंच फरक असन तं मंग चेसिसले (गाडीच्या सांगाड्याले) मार हाये. तवा स्वस्तातला माणूस पाहू नका, गाडी एका बाजूले खेचते अन् टायर खाते.

बोनेट जुनं भेटते. गाडी पांढरी हाये नं? पांढऱ्या गाडीचं बोनेट नागपूरच्या जुन्या मालात लवकर भेटते. घेतानी आतल्या कडा पाहा. कडेची सील फाटली असन नाहीतं लांबी (पुट्टी) भरलेली असन तं घेऊ नका. चुंबक लावून पाहा, लांबीवर चुंबक धरत नाही.

तिसरा भाग, जे थांबू शकते. बंपर वेल्डिंग करून लावा. रंग थांबू शकते, पण उघड्या पत्र्यावर प्रायमर माराच, नाहीतं पावसाळ्यात गंज खाते. अन् एसी. आता थंडीचे दिवस हायेत, कंडेन्सर मार्चापर्यंत नाही टाकला तं चालते. फक्त गॅसच्या लाइनची दोन्ही तोंडं टोपी लावून बंद कराले सांगा. उघडी राहिली तं ओल जाते अन् ओल शोषणारा ड्रायर खराब होते, मंग उन्हाळ्यात खर्च दुप्पट.

माह्या अंदाजानं पैले दोन भाग साठ-पासष्टात व्हाले पाह्यजे.

---

चंद्रपूर_३४ | २० नोव्हेंबर, रात्री ९:५५

डेंटर भाऊ, जबरदस्त माहिती. धागा सेव्ह केला.

---

वरुडचा_संत्रावाला | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. नऊ वर्षांच्या गाडीत साठ हजार टाकणं म्हणजे गळक्या मोटेनं पाणी काढणं. आहे तशी विका, नव्वद हजार ते लाखभर येतील. त्यात साठ घाला आणि बिनाअपघाताची दुसरी घ्या. मी तसंच केलं होतं.

---

निवृत्त_सर्व्हेअर | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:३५

संत्रावाले भाऊ, चेसिसला मार असेल तर तुमचंच म्हणणं खरं. दुरुस्तीचा खर्च विम्यात घोषित केलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपन्यासुद्धा टोटल लॉस (गाडी पूर्ण गेली असं) धरतात. इथं १,८६,४०० त्याच रेषेवर आहे, पासष्ट हजार नाही.

दीड लाखात येणाऱ्या दुसऱ्या जुन्या गाडीत काय लपलंय ते माहीत नसतं. या गाडीची दोन वर्षं त्यांना माहीत आहेत. आधी टेपनं मोजा, मग ठरवा.

---

पुसदची_ताई | २१ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

दादा, मी बचत गटाचे हिशेब पाहते. पैशाबद्दल लिहिते, कारण वर सगळे गाडीबद्दलच बोलत आहेत.

पीक कर्जाच्या पैशाला हात लावू नका. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते बिनव्याजी पडतं. ते गाडीत अडकलं आणि ३१ मार्च हुकली की सवलत जाते, आणि पुढच्या हंगामाला बँक दारात उभं करत नाही. बियाण्याच्या वेळी मग सावकाराकडेच जावं लागतं.

आमच्या गटात अंतर्गत कर्ज महिन्याला शेकडा दोन रुपयांनी मिळतं. ऐकायला दोन वाटतं, वर्षाचे चोवीस होतात. पाच-सात हजार तीन महिन्यांसाठी हवे असतील तर घ्या. चाळीस हजारांसाठी नको. गट माझा असून सांगते.

घरात सोनं असेल तर बँकेत सोनेतारण करा. बँक म्हणते आहे मी, रस्त्यावरच्या दुकानाचं नाही. ज्याच्याकडे परवाना नाही अशा सावकाराकडे तर अजिबात नको. कोरा स्टँप किंवा जमिनीची इसारपावती मागितली तर तिथून उठून या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे तक्रार करता येते. माझ्या माहेरी एका घरानं ट्रॅक्टरच्या दुरुस्तीसाठी अशीच इसारपावती लिहून दिली आणि ती जमीन परत मिळवायला सात वर्षं गेली. म्हणून एवढं कळकळून लिहिते.

आणि वहिनींचं सोनं असेल तर त्यांना विचारून, त्यांना बँकेत सोबत नेऊन करा.

---

दिग्रस_दक्षिण | २१ नोव्हेंबर, रात्री ८:४०

थोडं अवांतर, पण याच विषयातलं. माझ्या गाडीला मागच्या महिन्यात कापसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीनं मागून धडक दिली. माझा फक्त थर्ड पार्टी होता. डिकी पूर्ण आत गेली, ५२ हजार खर्च आला. ट्रॅक्टरवाला म्हणतो, पाच हजार घे आणि मिटव. मला काही मिळू शकतं का?

---

निवृत्त_सर्व्हेअर | २१ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मिळू शकतं. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे.

तुमचा थर्ड पार्टी तुमच्या गाडीला उपयोगी नाही, पण त्याचा थर्ड पार्टी तुमच्यासाठीच आहे. चूक समोरच्याची असेल तर त्या अपघातात थर्ड पार्टी तुम्ही आहात. मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्याच्या विमा कंपनीकडून मागता येते. साधारण मर्यादा साडेसात लाखांची असते, काही पॉलिसीत ती कमी केलेली असते. जखम झालेलीच पाहिजे असं नाही.

लागणारे कागद: पोलिसात दिलेली खबर आणि घटनास्थळाचा पंचनामा, दोन्ही गाड्यांचे जागेवरचे फोटो, दुरुस्तीची जीएसटीची बिलं, पैसे दिल्याच्या पावत्या. ट्रॅक्टरचा नंबर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर टाकला की विमा चालू आहे का ते दिसतं. ट्रॉलीचं वेगळं पाहा. कायद्यात दाव्याची मुदत अपघातापासून सहा महिने लिहिलेली आहे, तेव्हा आठवडाभरात वकील गाठा. आणि पाच हजार घेऊन ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका, एकदा सही झाली की दावा संपलाच समजा.

निकालाला वेळ लागतो. पण ५२ हजार सोडून देण्यासारखे नाहीत.

---

दिग्रस_दक्षिण | २१ नोव्हेंबर, रात्री ९:४८

खबर त्याच दिवशी दिली होती, पंचनामा झाला आहे. दुरुस्तीचं बिल मात्र कच्चं आहे. उद्याच गॅरेजवाल्याकडे जातो. खूप आभार काका.

---

कोरडवाहू_आर्णी | २३ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२०

माप घेतलं. दोन्ही तिरप्या मापांत फरक पाऊण इंच. मेहुण्यानं टेप धरला, तीनदा मोजलं.

सर्व्हिस सेंटरनं एस्टिमेट आणि उभ्या गाडीचे मिळून १,२०० घेतले. वाद घातला नाही, पावती घेतली. गाडी दुसऱ्यांदा टोचन करून आर्णीच्या एका गॅरेजला आणली. मिस्त्री पन्नाशीचा आहे. डेंटर भाऊंनी लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, लिहिणारा हातानं काम करणारा आहे. कागदावर तीन भाग लिहून घेतले, प्रत्येकापुढे रक्कम, खाली दोघांच्या सह्या.

पैशाचं बायकोशी बोललो. गळ्यातली एकदाणी तिनं स्वतःच काढून दिली. ताई, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला होता. ती बँकेत सोबत आली, फॉर्मवर सही तिची. चाळीस हजार मिळाले. उरलेले घरातली सोयाबीन विकून. हमीभाव ५,३२८ आहे, पण खरेदी केंद्रावर नंबर लागायला वेळ होता, म्हणून व्यापाऱ्याला कमी भावात दिली. त्याचं वाईट वाटलं. पण आईचा मंगळवार-शुक्रवार थांबत नाही.

---

वणीचा_डेंटर | २३ नोव्हेंबर, रात्री ८:३५

पाऊण इंच म्हणजे ओढून होते. मिस्त्रीले सांगजा, एका दमात ओढू नको. ओढलं का मापाचं, मंग अजून ओढाचं. अन् काढलेला जुना माल डिकीत टाकून मागजा. नवा बसवला का नाही ते त्यावरूनच समजते. रेडिएटर अन् फॅनचं भंगार बी विकते.

---

कोरडवाहू_आर्णी | १४ डिसेंबर २०२५, रात्री ९:००

गाडी आली. उशीर झाला कारण बोनेटला पंधरा दिवस लागले. नागपूरहून पांढरंच मिळालं. पहिलं एक परत पाठवलं, चुंबक धरत नव्हतं.

हिशेब देतो, कुणाच्या उपयोगी पडेल. रेडिएटर, फॅन, होज ८,९००. लोअर आर्म, शाफ्ट, बेअरिंग ९,४००. काच ६,३००. डावा हेडलाइट, फेंडर, बोनेट १०,८००. पत्रा ओढणं आणि डेंटिंग १३,५००. मिस्त्रीची मजुरी ६,०००. रिम आणि अलाइनमेंट २,८००. दोन्ही वेळचं टोचन ३,५००. एकूण ६१,२००, सर्व्हिस सेंटरचे १,२०० वेगळे. बंपर वेल्डिंग मिस्त्रीनं मजुरीतच केलं. रंग नाही, डाव्या बाजूला राखाडी प्रायमर आहे. एसी बंद आहे, दोन्ही तोंडांना टोप्या लावल्या.

साठच्या वेगाला स्टिअरिंग सोडून पाहिलं (रिकाम्या रस्त्यावर, दिवसा), गाडी सरळ जाते.

शुक्रवारी आईला घेऊन गेलो. येताना ती मागं आडवी झाली आणि घर येईपर्यंत उठली नाही. रात्री आता चाळीसच्या वर जात नाही, तुरीची वावरं आली की त्याहून कमी.

---

निवृत्त_सर्व्हेअर | १५ डिसेंबर, सकाळी ७:१०

फार बरं वाटलं. आता एक काम राहिलं. गाडी धुऊन विमा कंपनीची तपासणी करून घ्या आणि पूर्ण पॅकेज पॉलिसीचा भाव विचारा. प्रायमर दिसतोय म्हणून तेवढे पॅनल वगळतील, चालेल.

आणि गाडी जुनी घेतली म्हणालात. आरसी तुमच्या नावावर आहे ना? जुन्या मालकाच्या नावाची पॉलिसी तशीच चालवली होती का? गाडी घेतल्यावर चौदा दिवसांत पॉलिसी स्वतःच्या नावावर करायची असते. नाही केली तर हप्ता भरूनही स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो.

---

कोरडवाहू_आर्णी | १५ डिसेंबर, रात्री ८:२५

आरसी माझ्या नावावर आहे. जुनी पॉलिसी मात्र शेवटपर्यंत पहिल्या मालकाच्याच नावानं होती, हे आज कागद काढून पाहिल्यावर कळलं. म्हणजे ऑगस्टमध्ये वेळेवर भरली असती तरी अडचण आलीच असती. नवी थर्ड पार्टी माझ्या नावानं आहे, तपासून पाहिलं. तपासणीसाठी गुरुवारी माणूस येतो आहे.

---

पुसदची_ताई | १५ डिसेंबर, रात्री ९:०५

सोनेतारणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा दादा. कापसाचे पैसे आले की आधी ती एकदाणी.

---

कोरडवाहू_आर्णी | १५ डिसेंबर, रात्री ९:१२

हो ताई. हमीभावानं कापूस विकायला कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी झाली आहे, जानेवारीचा नंबर आहे. सोयाबीनसारखं यावेळी करणार नाही, थांबतो.

---

वणीचा_डेंटर | १५ डिसेंबर, रात्री १०:४०

कंडेन्सर फेब्रुवारीतच पाहून ठेवजा. मार्चात सगळेच मागतात, भाव चढते. माह्या नजरेत एक आला तं इथंच लिहितो.